शेअर क्रमांक चारशे बारा

दर ऑक्टोबरात एक पाकीट येतं गोठिवलीला.
गावाचं स्पेलिंग दर वर्षी नव्याने चुकलेलं,
तरी गुरुनाथ पोस्टमन बरोबर आणून टाकतो,
"ताई, तुमच्या भट्टीवाल्यांचं आलं."

भट्टीवाले हे बाने ठेवलेलं नाव.
खरं नाव पेनरिज रोव्हर्स, मैदान किल्न लेन,
अठराशे एक्याण्णवात वीटभट्टीच्या कामगारांनी काढलेला क्लब.
माती उपसून झालेल्या खड्ड्यातच खेळायचे,
गोलकीपर घोट्यापर्यंत पाण्यात.
बा म्हणायचा, "खारीतलीच मानसं ती, नुसती गोरी."

कंपनीने धाडलं होतं त्याला तिकडे,
चौऱ्याहत्तर साली, सहा महिने, बॉयलर शिकायला.
दोनशे शब्द इंग्रजी, उसना कोट,
आणि शनिवारी दुपारी करायला काही नाही.
घरमालकीण एथेलबाईंनी दंडाला धरून नेलं.
पत्र्याखाली उभं राहायचं,
हातात गरम पाय, आतलं मटण कसलं ते विचारायचं नाही.
पहिली मॅच शून्य-चार.
दुसरी शून्य-एक.
"तिसरी बरोबरीत सुटली तं म्हातारी रडली गो."

त्या काळी तळाच्या चार क्लबांना
हात जोडून उभं राहावं लागे:
पुढच्या वर्षी ठेवा आम्हाला.
बाकीचे क्लब मतं द्यायचे.
पेनरिज अकरा वेळा उभा राहिला, अकरा वेळा वाचला,
बाराव्या वेळी तीन मतांनी गेला.
एथेलबाईंचं पत्र पोचायला पाच आठवडे लागले.
बा त्या रात्री जेवला नाही.
आई म्हणाली, मेलं कोण?

त्याआधीच त्याने रबाळ्याच्या कारखान्यात टीम काढली होती.
बनियनं विटकरी रंगात बुडवली आईच्या पातेल्यात,
(त्या पातेल्यातला भात कितीतरी दिवस गुलाबी)
पाइपलाइनच्या पलीकडे, पारसिकच्या पायथ्याशी,
तेरा फिटर, दोन वेल्डर, एक कँटीनचा पोऱ्या.
खताच्या कंपनीवाल्यांनी सात गोल मारले
तेव्हा बा लाइनीवरून ओरडत होता,
"अजून मत मागाय जाऊ, घाबरू नका!"
कुणालाच कळलं नाही.

कारखाना बंद झाला अठ्ठ्याण्णवात.
पुढच्याच वर्षी पेनरिज परत वर चढला,
आणि चार वर्षांत दिवाळखोर.
मालकाने खेळाडूंचे पगार थकवले, बसचं भाडं थकवलं,
गवत कापायचं यंत्रसुद्धा जप्तीत गेलं.
मग प्रेक्षकांनीच वर्गणी काढून क्लब विकत घेतला.
एक शेअर पंचवीस पौंड.
बाने वाशीच्या बँकेत तीन खेपा मारल्या.
कारण काय लिहू, असं क्लार्कने विचारलं.
"घरचं काम," म्हणाला बा.
आईने फक्त एवढंच विचारलं
की त्यात मिक्सर आला असता का.

प्रमाणपत्र अजून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय,
"मि. काशिराम मढवी, सभासद मालक."
तो गेल्यावर मी वारस म्हणून कळवलं.
त्यांनी दुखवट्याचं पत्र पाठवलं, सोबत सामन्यांचं वेळापत्रक.

मी फुटबॉल बघत नाही.
निकाल मात्र बघते, रविवारी सकाळी, चहाआधी.

यंदाच्या पाकिटात एकच प्रश्न:
बिल्डरने मागणी घातली आहे,
किल्न लेन विकावं का?
होय. नाही.
समोर दोन रिकामे चौकोन.

आमची खार गेली तेव्हा
नोटीस डकवली होती देवळाच्या भिंतीवर.
मी सात वर्षांची, अक्षरं जुळवून मोठ्याने वाचलेली.
सर्व्हे नंबर होता, गुंठे होते, सही होती,
शिक्का होता.
चौकोन नव्हता.

फुली मारताना पेन दोनदा अडलं,
तिसऱ्यांदा कागद फाटेस्तोवर दाबलं.

पोस्टातल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं.
"आत काय आहे, मॅडम?"
मत, म्हटलं.
तिने दर बघितला, शिक्का मारला.

चोविसांत एकविसावे आहेत सध्या.